लाकडी फ्लोअरिंग करताय? कॅटलॉग उघडण्याआधी जुलै महिना आठवा

ठाण्यातल्या आमच्या ढोकाळीच्या घरात हॉलचं फ्लोअरिंग मे महिन्याच्या शेवटी झालं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते बाल्कनीच्या दारापाशी वर आलं. पाय ठेवला की ‘टक्’ करून खाली दबायचं, पाय उचलला की पुन्हा तंबूसारखं उभं. ज्याने काम केलं तो आधी ‘सीझनचं आहे मॅडम, बसेल’ म्हणाला, नंतर फोन उचलेनासा झाला. शेवटी ओळखीतून एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी लावलेली स्कर्टिंगची एक पट्टी अलगद उचकटली, खिशातून रेल्वेचा पास काढला आणि भिंत व फळी यांच्यामध्ये सरकवून बघितला. पास गेला नाही.

‘ताई, ह्यात पास जात नाही, मग फुगलेलं लाकूड जाणार कुठे? वरच येणार ना.’

त्यांनी भिंतीच्या कडेने फळ्यांची तीन सूत, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर, रुंद पट्टी कापून काढली. तीन दिवसांत सगळं सपाट. एकही फळी बदलावी लागली नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच कसोटी सांगते: घरी आलेला माणूस आधी पाण्याबद्दल विचारतो की रंगाबद्दल? ठाणे-नवी मुंबईत लाकडी फ्लोअरिंग बिघडतं ते ओलीमुळे. शेड चुकली तर दोन महिन्यांत डोळ्यांना सवय होते, ओल चुकली तर ती दरवर्षी येते.

‘वुडन’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

दुकानात चार वेगळ्या वस्तू ‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाने विकल्या जातात.

सॉलिड म्हणजे अख्खी लाकडाची फळी, साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड. साग, ओक वगैरे. इंजिनिअर्ड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले प्लायचे थर. आडव्या थरांमुळे ती फळी फुगायला-आकसायला कमी मोकळी असते. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. एसपीसी किंवा व्हिनाइल हे तर लाकूडच नव्हे, दगडाची पूड आणि प्लास्टिक. पण पाण्याला ते सगळ्यांत निर्धास्त.

नमुना हातात घ्या आणि वरून नाही, कडेने बघा. लॅमिनेटची कड एकजात तपकिरी, बिस्किटासारखी दिसते. इंजिनिअर्डमध्ये थर मोजता येतात. वरचा लाकडाचा थर किती मिलिमीटर, हे विचाराच, कारण तो अर्ध्या मिलिमीटरपासून चारपर्यंत काहीही असतो आणि भावातला बराचसा फरक तिथे दडलेला असतो. शोरूममध्ये जमिनीवर लावलेला तुकडा असेल तर गाठी शोधा. तीच गाठ, तशीच, चौथ्या-पाचव्या फळीवर पुन्हा दिसली तर तो छापील कागद आहे. सागाच्या नावालाही भुलू नका. बर्मा, सीपी, वलसाडी हे सगळे सागच. पण ‘आफ्रिकन टीक’ या नावाखाली इरोकोसारखी सागाशी नातं नसलेली लाकडंही सर्रास खपतात. ती वाईट असतात असं नाही, फक्त सागाचे पैसे देऊ नका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला वरचा थर ३-४ मिलिमीटर असलेलं इंजिनिअर्ड, भाड्याने द्यायच्या घरात लॅमिनेट, आणि स्वयंपाकघरात कुठलंही लाकूड नाही. सॉलिड सागाचा हट्ट असेल तर एसी रोज चालणारी खोली निवडा.

फुगणं म्हणजे किती?

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात साधारण ११ टक्के पाणी असतं. ती ८५ टक्क्यांवर जाऊन तिथेच मुक्काम ठोकला तर हळूहळू १७-१८ टक्क्यांपर्यंत. आपला पावसाळा नेमका हेच करतो. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते ती रुंदीत. पाच इंची फळी अर्धा मिलिमीटर वाढली तर ते डोळ्यांना दिसणारही नाही. पण दहा फूट रुंद खोलीत अशा २४ फळ्या असतात, म्हणजे १२ मिलिमीटर झाले. आमच्या हॉलमध्ये तेवढी जागा ठेवलेली नव्हती, एवढीच गोष्ट.

दिवाळीच्या आधी नको

‘दिवाळीपर्यंत हातात द्या’ या एका वाक्याने जेवढी फ्लोअरिंग बिघडली असतील तेवढी वाळवीनेही नसतील. पाऊस आपल्याकडून हलतो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी लावलेली फळी फुगलेल्या अवस्थेत बसते आणि जानेवारी-फेब्रुवारीत आकसते. मग दोन फळ्यांमध्ये एटीएम कार्ड जाईल एवढ्या फटी. उलट मे महिन्यात लावलं तर पुढे सगळं फुगणंच बाकी असतं, भिंतीकडची जागा चुकवून चालत नाही. दिवाळी उरकून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत बरा. मिस्त्रीही तेव्हा मोकळे असतात आणि भावातही थोडं ऐकून घेतात.

माणूस शोधताना

मोबाइलवर दाखवलेले फोटो बघूच नका. काम झालं त्या संध्याकाळी काढलेला फोटो सगळ्यांचाच सुंदर असतो. दोन पावसाळे काढलेलं काम दाखवा म्हणावं, आणि ते आपल्याच पट्ट्यातलं हवं. घोडबंदर रोड, कोलशेत, वाशी, पाम बीच रोड, ही सगळी खाडीच्या कडेची हवा. पुण्यात टिकलेलं काम बघून इथला निर्णय घेता येत नाही.

त्या घरी गेलात की अनवाणी चाला. बाल्कनीचं दार, बाथरूमचा उंबरा आणि एसीखालची भिंत, या तीन जागी पायाला उंचसखल लागतंय का बघा. मग खिडकीसमोर उकिडवं बसून उजेडाच्या दिशेने तिरकी नजर टाका. फळ्यांच्या कडा उचललेल्या असतील तर अशा उजेडात लगेच दिसतात. घरमालकाला एवढंच विचारा: तक्रार केल्यावर तो आला का, आणि किती दिवसांनी?

दुसरी गोष्ट, जिच्यावर मी स्वतः फसले. शोरूममधला गोडबोल्या माणूस आणि प्रत्यक्ष फळी बसवणारा माणूस हे बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि बसवणारा स्क्वेअर फुटावर रोजचा हिशेब घेत असतो. त्याला घाई असणारच. म्हणून मोजमापाला येताना ‘काम करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन या’ असा आग्रह धरा. त्यांना दोन प्रश्न विचारा. भिंतीकडे जागा किती सोडता? ८ ते १२ मिलिमीटर, किंवा ‘तीन-चार सूत’, असं उत्तर पटकन आलं पाहिजे. आणि खालची ओल कशी तपासता? ‘काही गरज नाही, खाली फोम असतो’ असं म्हणाले तर चहा पाजा आणि निरोप द्या.

खालची जमीन: खरं काम इथे आहे

फ्लॅटमध्ये जुनी लादी किंवा व्हिट्रिफाइड टाइल काढायची बहुधा गरज नसते. त्यावरच बसवता येतं, डेब्रिज वाचतं, सोसायटीची कटकटही कमी. फक्त लादी पक्की हवी. पाच रुपयांचं नाणं घेऊन प्रत्येक लादीवर ठोका. पोकळ आवाज आला ती लादी उखडून कोबा भरून घ्या.

मग ओलीची चाचणी. ही कुणाच्याही भरवशावर न सोडता तुम्ही स्वतः करू शकता. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. लादीवर करत असाल तर तुकड्याच्या मधोमध सांधे येतील असा ठेवा, कारण ओल वर येते ती सांध्यांतून. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून दवासारखे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल तर काम थांबवायचं. निदान तीन ठिकाणी करा: बाथरूमच्या भिंतीला लागून, बाल्कनीपाशी आणि खोलीच्या मध्ये. आमच्याकडे नंतर बेडरूमचं काम करताना मधला तुकडा कोरडा होता आणि बाथरूमकडच्या प्लास्टिकखाली सकाळी बोटाने नाव लिहिता येईल एवढं पाणी. भिंतीतला गरम पाण्याचा जॉइंट झिरपत होता. प्लंबरला बोलावलं, सांधा बदलला, तीन आठवडे थांबलो, पुन्हा प्लास्टिक लावलं, मगच पुढे गेलो.

ही चाचणी ढोबळ आहे. चांगल्या माणसाकडे लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर असतोच. खाली प्लाय टाकून त्यावर सॉलिड फळ्या ठोकणार असाल तर प्लाय आणि फळी दोन्हींचं माप घ्यायला लावा. रुंद फळ्यांसाठी दोन्हींत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. नवा कोबा घातला असेल तर त्याला सुकायला महिना-दोन महिने लागतात. वरून पांढरा दिसतोय म्हणजे सुकला, असं नसतं. तळमजल्यावर राहत असाल तर ओल आणि वाळवी दोन्हींचा बंदोबस्त आधी करा, आणि वाळवीचं काम करणाऱ्याकडून लेखी हमी घ्या.

सपाटी बघायला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी-उभी-तिरकी फिरवायची. पट्टीखाली एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. जास्त असेल तर लेव्हलिंग कंपाऊंड. ‘जाड फोम टाकू, सगळं झाकलं जाईल’ हा सल्ला ऐकू नका. फोम दबतो, एका फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत खेळत राहते आणि वर्षभरात चालताना करकर सुरू होते. जुन्या माडीवर ती ऐकायला गोड वाटते, २२व्या मजल्यावर नाही.

कागदावर काय हवं

‘वुडन फ्लोअरिंग, ऑल इन्क्लुझिव्ह’ असं एका ओळीचं कोटेशन म्हणजे पुढच्या भांडणाचं आमंत्रण. वस्तूचं नाव, एकूण जाडी, वरच्या थराची जाडी, खालच्या फोमची जाडी आणि त्याखाली प्लास्टिकचा थर आहे की नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. स्कर्टिंग आणि दारातला सांधा झाकणाऱ्या प्रोफाइल पट्ट्या रनिंग फुटावर वेगळ्या लागतात आणि बिल तिथेच फुगतं. फळ्या बसल्या की जमीन १० ते १५ मिलिमीटर उंच होते, तेव्हा दरवाजे खालून कोण कापणार आणि कापलेल्या कडेला पॉलिश कोण मारणार, तेही लिहा. सरळ पट्ट्यांना वेस्टेज ५ ते १० टक्के धरतात, हेरिंगबोनसारख्या (माशाच्या काट्यासारख्या तिरक्या) नक्षीला त्याहून जास्त. त्यापलीकडे मागितलं तर हिशेब विचारा.

वॉरंटी दोन असतात: मालाची कंपनीची आणि बसवण्याची मिस्त्रीची. कॅटलॉगवरची २५ वर्षं ही मालाची, आणि तिच्यात पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. तुम्हाला गरज पडणार ती दुसरीची. निदान एक पूर्ण पावसाळा तिच्यात आला पाहिजे, असं लिहून घ्या.

पैसे मी असे देते: ३० टक्के ठरवताना, ४० टक्के खोके घरात येऊन लेबल तपासल्यावर, २० काम संपल्यावर आणि शेवटचे १० सगळ्या बारीक दुरुस्त्या झाल्यावर. शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर द्यायला बहुतेक कुणी तयार होत नाही, पण विचारून बघा. पक्कं बिल घ्याच. उद्या वाद झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जाताना तोच कागद हातात असतो. आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी गेले नाही, कारण माझ्याकडे बिलच नव्हतं. थोडे पैसे वाचवले होते ना.

काम चालू असताना

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, कामगारांचे पास, दुपारची आवाजबंदी हे तुम्हाला ठाऊकच आहे.

खोके दोन-तीन दिवस आधी त्याच खोलीत आडवे ठेवायचे, सॉलिड असेल तर आठवडा-दोन आठवडे. गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये नव्हे. पीओपी, वायरिंग, रंगाचे पहिले हात आधी उरकून घ्या. शेवटचा हात फ्लोअरिंगनंतर. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचं जड कपाट क्लिक-लॉकच्या, म्हणजे एकमेकींत अडकवायच्या फळ्यांवर उभं करू नका. अशा फळ्या खाली कशालाच चिकटवलेल्या नसतात, सगळा पट एकत्र सरकतो. एका कडेला कपाटाचा खिळा ठोकल्यासारखा झाला की सगळं फुगणं दुसऱ्या कडेला जातं. आधी कपाट, मग त्याच्या पायापर्यंत फळ्या, तिथेही तीन सूत जागा सोडून.

मिस्त्री काम करत असताना डोक्यावर बसू नका. पण स्कर्टिंग लागण्याआधी एकदा घरी थांबा. तीच एक वेळ असते जेव्हा भिंतीकडची जागा दिसते. चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा, शेजारी फूटपट्टी धरून. दाराच्या चौकटीभोवती बघायला विसरू नका, तिथे सगळे घट्ट बसवतात.

रोज पुसायचं कसं

आपल्या घरात चपला बाहेर काढतात, त्यामुळे अर्धी लढाई आपण जिंकलेली असते. उरलेली अर्धी धुळीशी. बांधकामांची बारीक कच बाल्कनीतून आत येते आणि पायाखाली सँडपेपरचं काम करते. म्हणून बाल्कनीच्या दारात आतून आणि बाहेरून पायपुसणं, आणि रोज मऊ झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप.

ओलं पुसणं आठवड्यातून एक-दोनदा पुरे, तेही पिळून-पिळून. फडका इतकाच दमट हवा की मागे राहिलेली ओल मिनिटभरात उडून जावी. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना हे पटायला महिना गेला. ‘अहो ताई, पाणी नाही फिरवलं तर पुसल्यासारखं वाटतच नाही.’ शेवटी एक नियम केला: बादली स्वयंपाकघराच्या बाहेर येणार नाही, हॉलमध्ये फक्त फवाऱ्याची बाटली आणि फडका. फिनाइल, ॲसिड, व्हिनेगर, सोडा, वाफेचा मॉप, सगळं बंद. लाकडासाठीचा सौम्य क्लीनर चालतो. पॉलिशवर मेण चोपडू नका. ते घसरतं, आणि पुढे पुन्हा पॉलिश करायचं झालं तर नवा थर धरत नाही.

खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या गोल चकत्या चिकटवा आणि वर्षातून दोनदा बदला, त्यांच्यात कच रुतून बसते. चाकांच्या खुर्चीखाली चटई टाका. गालिच्याला खालून रबर असेल तर तो नको, डाग पडतो. रांगोळी थेट लाकडावर घालू नका, दगडाचीच पूड ती. मोठा पाट किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घ्या. गणपतीत समईखाली ताटली, पत्री आणि तीर्थाच्या भांड्याखाली परात, आणि पाट ओढायचा नाही, उचलायचा.

पावसाळ्यात हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर भिंतीवर लावा, शंभर-दोनशे रुपयांचा नव्हे, जरा बरा. आकडा सलग काही दिवस ७० च्या वर राहिला तर दुपारी दोन-तीन तास एसी ‘ड्राय’ मोडवर. कोरड्या दिवसांत ४५ ते ६० मध्ये राहिला तर काहीच करायचं नाही. आणि एसीची निचऱ्याची नळी मे महिन्यात साफ करून घ्या. माझ्या बघण्यातल्या खराब फ्लोअरिंगपैकी निम्म्यांच्या मागे ही अर्ध्या इंचाची नळी होती.

पाणी शिरलंच तर

वॉशिंग मशीनचा पाइप सुटला, खिडकी उघडी राहिली. आधी पाणी टिपा, मग त्या भिंतीचं स्कर्टिंग काढा म्हणजे खालच्या ओलीला वाट मिळेल, आणि पंखे लावून ठेवा. हीटर किंवा हेअर ड्रायर नको, वरून झटपट सुकवलं की फळी तडकते. लॅमिनेटच्या कडा फुगल्या तर त्या फळ्या बदलण्यावाचून इलाज नाही. सॉलिड किंवा इंजिनिअर्ड फळी मात्र कडांनी वर येऊन पन्हळीसारखी होते. खालून ओली, वरून कोरडी, म्हणून. इथे लोक घाबरून लगेच पॉलिशवाल्याला बोलावतात, तो उचललेल्या कडा घासून सपाट करतो. दोन महिन्यांनी खालची ओल उडाली की घासलेल्या कडा खाली बसतात आणि मध्ये उंचवटा राहतो, कायमचा. मीटरवर वरचा-खालचा आकडा जुळेपर्यंत मशीनला हात लावू द्यायचा नाही, मग दोन महिने लागोत.

पुन्हा पॉलिशची वेळ आली का, हे पाण्याचा एक थेंब सांगतो. जास्त वावराच्या जागी थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर अजून अवकाश आहे, पसरून खालचं लाकूड गडद झालं तर पॉलिश संपलं. सॉलिड फळी आयुष्यात अनेकदा घासता येते, ३-४ मिलिमीटर थराचं इंजिनिअर्ड दोन-तीनदा, एक मिलिमीटरवालं जवळजवळ नाहीच. लॅमिनेट घासायचा विचारही करू नका, कागद निघून येईल.

काम संपताना एक न फोडलेलं खोकं स्वतःकडे मागून घ्या. पाच वर्षांनी तीच शेड मिळत नाही. आमचं दिवाणाखाली ठेवलंय, आडवं. भिंतीला टेकवून उभं ठेवलं की फळ्या वाकतात.